वाघनखांच्या डबीवरचं एक वाक्य

प्रति,
विश्वस्त मंडळ, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, लंडन
आणि
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

स.न.वि.वि.

दोन पत्त्यांवर एकच पत्र पाठवते आहे, कारण वस्तू एकच आहे : शिवाजी महाराजांची म्हणून सांगितली जाणारी वाघनखं. लंडनवाले तिच्याबद्दलचं खरं सांगतात, पण इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. मुंबईवाले मराठीत सांगतात, मोठ्या अक्षरात, पण त्यातलं अर्धंच. मध्ये उभे आम्ही, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

मी जावळी खोऱ्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत २९ वर्षं चौथीला शिकवलं. चौथीचा इतिहास म्हणजे शिवचरित्र. अफजलखानाचा धडा आला की वर्गात नाटक व्हायचंच. पुठ्ठ्याच्या नख्या कापायच्या, वर चहाच्या पुडीतला चांदीचा कागद चिकटवायचा आणि बोटांत अडकवायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन चकत्या. वर्गातलं सगळ्यात दांडगं पोर खान व्हायचं. त्याच्या पोटाला उशी बांधायची आणि उशीत लाल ओढणी कोंबायची. महाराजांनी मिठीत पंजा मारला की ओढणी बाहेर, आणि पोरांचा असा ओरडा की हेडमास्तर खिडकीत येऊन उभे राहायचे. एका वर्षी खान झालेलं पोर खरंच रडलं. "बाई, मला दरवर्षीच का मारता?" म्हणाला. नापास होऊन दुसऱ्यांदा चौथीत बसला होता बिचारा.

तोच आता वडाप, म्हणजे प्रवासी जीप, चालवतो. जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली, १९ तारखेपासून छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लोकांना बघायला मिळणार असं कळलं, तसा त्याचा फोन आला. "बाई, गाडी घेऊन येतो. तुम्ही नाही आलात तर मग कोण बघणार?" गेलो. रांग मोठी, पाऊस बारीक. पुढच्या बाईंनी काचेसमोर हात जोडले, डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच पुढे सरकल्या. मी मात्र डोळे उघडे ठेवून पाहिलं. एक आडवी पट्टी, दोन कड्या, खाली वळलेल्या चार नख्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान. आमच्या ट्यूबच्या चकत्या बरोबर त्या कड्यांच्या जागी होत्या, ते बघून उगाच बरं वाटलं.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "बाई, ह्येच का ते?"

२९ वर्षं मी पोरांना प्रत्येक गोष्टीला "होय" म्हणत आले. त्या दिवशी म्हणाले, "असं म्हणतात." त्याने गाडी सुरू केली, मेढ्यापर्यंत काही बोलला नाही.

मी असं का म्हणाले ते सांगते. जायच्या आधी नातीच्या मोबाईलवर मी लंडनच्या संग्रहालयाची नोंद वाचली होती. नखांबरोबर एक डबी आहे आणि तिच्यावर इंग्रजीत दोन वाक्यं कोरलेली आहेत. त्यांचा अर्थ असा : ही शिवाजीची वाघनखं, ज्यांनी त्याने मोगल सेनापतीला मारलं. ईडनचे जेम्स ग्रँट डफ साताऱ्याचे रेसिडेंट (इंग्रजांचे दरबारातले प्रतिनिधी) असताना, मराठ्यांच्या पेशव्याच्या पंतप्रधानाने त्यांना ही दिली.

चौथीतलं पोरगं यात चूक काढेल. अफजलखान मोगल नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. आणि पेशव्याचा पंतप्रधान कोण? पेशवा हाच तर पंतप्रधान. म्हणजे ज्याने हा मजकूर लिहिला त्याला महाराज कोणाशी लढले हे ठाऊक नव्हतं, आणि वस्तू कोणी दिली हेही नीट ठाऊक नव्हतं. तरीही "हीच ती वाघनखं" या दाव्यासाठी संग्रहालयाच्या नोंदीत मुख्य आधार उभा आहे तो या डबीचा. संग्रहालय स्वतःच लिहितं की ग्रँट डफच्या आधी जवळपास १६० वर्षं शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच, याची खातरजमा करता आलेली नाही. पुढे अंदाज असा की १८१८ मध्ये शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव शरण आला तेव्हा कदाचित ती ग्रँट डफच्या हाती आली असावीत.

आता विश्वस्तांनो, आधी तुमच्याशी बोलते.

तुमच्या नोंदीतला एक शब्द मला सोडवत नाही. "दिली." १८१८ नंतरचा सातारा डोळ्यांसमोर आणा. पेशवाई बुडालेली. इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं, पण कारभार बघायला शेजारी ग्रँट डफ, १८१८ ते १८२२. राज्याची वसुली, न्याय, माणसांच्या नेमणुका सगळं या माणसाच्या शब्दावर. अशा साहेबाच्या कचेरीत कोणी पागोटं सावरत येऊन घरातली वस्तू पुढे ठेवली, तर ती भेट म्हणायची की आणखी काही? मी लूट म्हणत नाही, कारण पुरावा नाही. पण मग भेट म्हणायलाही पुरावा लागतो. शरण आलेल्याने ठेवलेली वस्तू, मर्जी राखायला दिलेली वस्तू, मैत्रीत दिलेली वस्तू आणि मागून घेतलेली वस्तू, या चार गोष्टी आहेत. तुमची डबी चौघींना एकाच शब्दात बसवते.

हाच ग्रँट डफ पुढे १८२६ मध्ये मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास लिहून गेला आणि प्रतापगडच्या प्रसंगाला त्याने विश्वासघाताचा रंग दिला. आमच्याकडे त्याला उत्तर देण्याची परंपराही जुनी आहे. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ च्या सुमारास त्याच्या पुस्तकावर टीका लिहिली तेव्हा ते ऐन विशीत होते. तेव्हा साताऱ्याच्या एका निवृत्त बाईने डबीवर आक्षेप घेतला याचं तुम्हाला फार नवल वाटू नये.

दुसरी तक्रार "उसनं" या शब्दाबद्दल. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनला करार झाला आणि वाघनखं तीन वर्षांसाठी आली. इथल्या बातम्यांत "घरवापसी" छापलं गेलं. पण उसनवारीच्या कागदावर सही करणारा मालक कोण हे कबूल करूनच सही करतो. माहेरवाशिणीला बोलावताना सासरच्यांना परतीची तारीख लिहून द्यावी तसला हा प्रकार. तुमची अडचण मला ठाऊक आहे. १९८३ च्या नॅशनल हेरिटेज कायद्याने तुमचे हात बांधलेले आहेत. दुहेरी प्रत, संग्रहाला न शोभणारी किंवा खराब झालेली वस्तू असल्याशिवाय तुम्हाला सहसा काही देऊन टाकता येत नाही. पण कायदा म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. नाझींच्या काळात लुबाडलेल्या वस्तू परत करता याव्यात म्हणून तुमच्याच संसदेने २००९ मध्ये वेगळा कायदा केला आणि त्यात तुमच्या संग्रहालयाचं नाव आहे. तुमचे संचालक ट्रिस्ट्रम हंट यांनी २०२२ मध्ये जाहीरपणे १९८३ च्या कायद्याचा फेरविचार व्हावा असं म्हटलं. मग संचालक बोलतात ते विश्वस्त मंडळ ठराव करून सरकारला का कळवत नाही?

हे नुसतं आमचंच दुखणं नाही. १८७४ च्या स्वारीत इंग्रजांनी घानामधल्या असांते राजवाड्यातून लुटलेलं सोनं तुमच्याकडे आहे. २०२४ मध्ये तुम्ही आणि ब्रिटिश म्युझियमने मिळून असांतेंच्या ३२ वस्तू त्यांच्या राजधानीला, कुमासीला, पाठवल्या. त्याही तीन वर्षांच्या उसनवारीनेच. तिथल्या राजाच्या घरातून नेलेलं सोनं त्याच राजाच्या वंशजाला मुदतीवर. तिथे लूट झाली हे तुम्हीही नाकारत नाही, तरी उसनंच. मग आमच्यासारख्यांनी, ज्यांच्या वस्तूची वाटच अंधारात आहे, कशाची आशा धरायची?

आता मुंबई.

तुम्ही वाघनखं आणलीत याचा मला राग नाही. उलट बरं वाटलं. माझ्या वडापवाल्याला लंडनचं तिकीट परवडणार नव्हतं. खर्चाबद्दलही मी बोलणार नाही. कोटींच्या अफवा उठल्या होत्या, त्यावर तेव्हाच्या मंत्र्यांनी विधिमंडळात १४ लाखांच्या आसपासचा आकडा सांगितला, मला तो पटतो. माझी तक्रार वेगळी आहे.

घोषणा करताना "महाराजांनी अफजलखानाचा कोथळा ज्यांनी काढला ती वाघनखं" असं सांगितलं गेलं. त्यात "कदाचित" नव्हतं, "असं मानलं जातं" नव्हतं. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी लंडनच्या संग्रहालयाचंच पत्र पुढे करून सांगितलं की संग्रहालय स्वतः असा दावा करत नाही. तेव्हा त्यांनी कागद दाखवला आणि बाकीच्यांनी भावना दाखवल्या. शंका घेणारा जणू महाराजांवरच शंका घेतो आहे, असा सूर लागला. माझा सगळ्यात मोठा आक्षेप या सुरावर आहे. वस्तूवरची शंका आणि माणसावरची शंका यांतला फरक नऊ वर्षांच्या पोराला समजतो. मी समजावलेला आहे.

आणि आपल्याच साधनांत काय आहे? राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत डाव्या हाताचं वाघनख आणि उजव्या हाताचा बिचवा आहे. महाराजांच्या हयातीतच परमानंदाने लिहिलेल्या शिवभारतात भर आहे तो तलवारीवर. म्हणजे जी वस्तू काचेत ठेवली ती त्या दिवशी हातात होती का, यावरच आपल्या घरचे साक्षीदार एका तोंडाने बोलत नाहीत. हे शरमेचं नाही, हा तर इतिहासाचा सगळ्यात मजेदार भाग! वर्गात मी हे सांगितलं तेव्हा पोरांनी जांभई दिली नाही. उलट दोघांची भांडणं लागली, एक बखरीकडून आणि एक शिवभारताकडून, आणि मधल्या सुट्टीत ती हातघाईवर आली.

आणखी एक. चार नख्या काचेत ठेवल्या की १० नोव्हेंबर १६५९ चा सगळा दिवस त्या नख्यांएवढा होतो. जावळीच्या रानात वाटा अडवून बसलेल्या फौजा, बोलणी करायला गेलेले पंताजी गोपीनाथ, खानाचा वकील कृष्णाजी भास्कर, महाराजांच्या अंगरक्षकांतला सिद्दी इब्राहिम, हे सगळे काचेबाहेर राहतात. आणि मेलेल्या शत्रूला महाराजांनी गडाच्या पायथ्याशी रीतसर पुरायला लावलं, हे तर कोपऱ्यात ढकललं जातं. त्या कबरीवरून आजही राजकारण तापतं. म्हणूनच ही गोष्ट वाघनखांच्या शेजारीच लिहिलेली हवी. दोन्ही एकाच दिवसाच्या गोष्टी आहेत.

चांगलं काय केलंत तेही सांगते. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. शासनाने ती ४७ लाख १५ हजारांना सोडवून घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. ती उसनी नाही, आपली आहे. तिच्या पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचं नाव आणि "सेनासाहेबसुभा" हा किताब आहे. तिच्या डबीवर कोणा साहेबाने काय लिहिलं याची गरजच नाही, ती स्वतःच बोलते. तिच्यासाठी तुमचे आभार. पण मनात एक प्रश्न येतो. जिच्यावर नाव कोरलेलं आहे तिच्यापेक्षा, जिच्यावर नाव नाही तिच्यासाठी बॅनर जास्त का लागले? उत्तर मला माहीत आहे आणि तुम्हालाही.

आता माझ्या घरातली गोष्ट. माझ्या सासऱ्यांनी १९८३ मध्ये एका संग्रहालयाला घरचा दांडपट्टा आणि मोडी कागदांचे दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली दप्तरं, दिले. संग्रहालयाचं नाव घेत नाही. आता तिथे बसलेल्या माणसांचा दोष नाही. दांडपट्ट्याच्या मुठीवर आतून एक जुना डाग होता, सासूबाई दर दसऱ्याला तो चिंचेने घासायच्या आणि दर दसऱ्याला तो तिथेच असायचा. देताना सासऱ्यांनी तो पुसायचा नाही असं बजावून सांगितलं होतं. २०१९ मध्ये मी बघायला गेले. दाखल रजिस्टरमध्ये नोंद सापडली नाही. एका काचेच्या कपाटात चार दांडपट्टे होते आणि खाली एकच पट्टी, "दांडपट्टे, मराठाकाळ". मी चारही मुठी बघायचा प्रयत्न केला, पण कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते. रुमालांबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं.

लंडनच्या डबीवर निदान चुकीचं तरी लिहिलेलं आहे. आमच्या दांडपट्ट्याखाली चुकीचंही काही नाही. आणखी १६० वर्षांनी कोणी तो कोणाचा म्हणून विचारलं, तर आपणही "खातरजमा करता आलेली नाही" असंच लिहिणार. आणि त्यात ग्रँट डफचा काही दोष नसणार.

मागण्या थोड्याच आहेत.

लंडनकडून : वाघनखांची दाखल नोंद, ग्रँट डफ घराण्याशी झालेला पत्रव्यवहार आणि डबीवरचा मजकूर कोणी, केव्हा, कशावरून कोरला याचे जे कागद असतील ते जसेच्या तसे जाहीर करा. डबीवरची मोगल आणि पंतप्रधान ही चूक तुमच्या नोंदीत चूक म्हणूनच दाखवा. "दिली" या शब्दासमोर तो दावा आहे, पुरावा नव्हे, असं लिहा. मुदत संपण्याआधी पोलादाची आणि घडणीची तपासणी दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र करावी. त्यातून महाराजांचं नाव निघणार नाही हे मला कळतं, पण ही नखं साधारण कोणत्या काळातली, कोणत्या धर्तीच्या कामाची, एवढं तरी समजेल, आणि निकाल आमच्या बाजूने लागला नाही तरी मी तो वर्गात सांगेन. आणि १९८३ चा कायदा बदलावा असा ठराव विश्वस्त मंडळाने करून तुमच्या सरकारला पाठवावा.

मुंबईकडून : वाघनखं नागपूरच्या अजबबंगल्यात, म्हणजे तिथल्या सरकारी संग्रहालयात, असोत की आणखी कुठे, त्यांच्या शेजारी मोठ्या मराठी अक्षरात आपल्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि कोणता ग्रंथ काय म्हणतो हे लिहा. पट्टी कितीही लांब झाली तरी चालेल. रांगेत उभी राहिलेली माणसं वाचतात, माझा अनुभव आहे. घोषणांमध्ये "मानलं जातं" हे दोन शब्द परत आणा. राज्यातल्या सगळ्या लहानमोठ्या सरकारी संग्रहालयांची दाखल रजिस्टरं तपासून, वस्तू कोणत्या गावच्या कोणत्या घरातून कधी आली याची यादी लोकांसमोर ठेवा. बॅनरवर जेवढा खर्च होतो तेवढा त्यावर झाला तरी पुष्कळ काम होईल. आणि वाघनखं परत जातील त्या दिवशी समारंभ करू नका. त्याऐवजी हे सगळं झालं का, याचा हिशोब त्या दिवशी जाहीर करा.

या पत्राची इंग्रजी प्रत नातीने करून दिली आहे, ती लंडनला टपालाने जाईल. मुंबईच्या प्रतीसोबत १९८३ च्या पावतीची झेरॉक्स जोडली आहे. पावतीवर सासऱ्यांची सही आहे, शिक्का अर्धा उठला आहे आणि नंबर वाचता येतो. दांडपट्टा मिळाला तर मुठीच्या आतला डाग बघा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
जावळी तालुका, जिल्हा सातारा